साचा एक, वाटेकरी तीन

तुमच्या घरी मोदकाचा साचा असेलच. दोन पाकळ्या, मध्ये बिजागरी, गणपतीचे दहा दिवस सोडले तर वर्षभर माळ्यावर. आणि होळीच्या सुमारास लातूरच्या गंजगोलाईत चक्कर मारलीत तर साखरेच्या गाठींच्या माळा लटकलेल्या दिसतात, त्याही साच्यातल्याच. लाकडी साच्यात दोरा ठेवायचा, वरून साखरेचा पाक ओतायचा, गार झाला की गाठी तयार. म्हणजे साच्यात ओतून वस्तू बनवायचा फंडा आपल्याला काही नवा नाही. फक्त लाकडाचा किंवा पितळेचा साचा कडक असतो. त्यातून बाहेर येणारी वस्तूही सरळ-सोट लागते, नाहीतर अडकून बसते. सिलिकॉनची गंमत इथंच आहे. ते वाकतं, ताणलं जातं, कोपऱ्यातून सोलून काढता येतं आणि पुन्हा आपल्या मूळ आकारात जाऊन बसतं. गणपतीची सोंड असो नाहीतर देवळातल्या घंटेची साखळी, सिलिकॉन तिच्यामागे शिरतं आणि परतही येतं.

सध्या प्रत्येक ऑफिसात एक तरी मुलगी रेझिनचे कानातले विकतेय आणि एक तरी मुलगा सुगंधी मेणबत्त्या. त्यांचे साचे ऑनलाइन येतात, सगळ्यांचे सारखेच. तोच गुलाब, तेच हार्ट, तोच लाफिंग बुद्धा. पण ज्या वस्तूचा साचा बाजारात मिळणारच नाही, तिचं काय? माझ्यावर ही वेळ घरच्याच एका भांडणामुळे आली.

आमचं आजोळ किल्लारीच्या जवळचं. जुनं माळवदाचं घर, दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं छत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या असल्याच भिंतींनी अख्खी गावं खाली घेतली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून दमून झोपले होते. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला हे सगळं आईच्या, मामाच्या आणि मावशीच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे, आणि तिघांचे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ढिगाऱ्यातून घरातलं जे थोडंफार निघालं, त्यात दाराच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीचा मधला भाग होता. सागवानी, जेमतेम वीतभर रुंद. वरून खालपर्यंत एक तडा. गाव नव्या जागी वसलं, आजी मामाबरोबर लातूरला आली, आणि तो गणपती मामाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर जाऊन बसला.

गेल्या वर्षी मावशीनं नांदेडला घर बांधायला काढलं आणि म्हणाली, आमच्या दारावर माहेरचा गणपती पाहिजे. मामा म्हणाला, मिळणार नाही. माझी आई काहीच म्हणाली नाही, आणि आमच्या घरात याचा अर्थ तिलाही तो पाहिजे असा होतो. चार महिने फोनवर फक्त हवापाण्याच्या गप्पा. शेवटी मीच मामाला म्हटलं, मला आठ दिवस दे तो, साचा काढते. मामानं तो टॉवेलमध्ये गुंडाळून दिला आणि दर संध्याकाळी फोन करून विचारायचा, ‘हे काय करूलालीस गं त्याला?’

तर काय केलं ते सांगते.

पहिला नियम, खऱ्या वस्तूवर हात साफ करायचा नाही. आधी प्रॅक्टिस. आणि प्रॅक्टिसला महागडं काही लागत नाही. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन मागितलंत की काउंटरवरचे काका विचारतील, ‘खिडकीला का बाथरूमला?’ तेच ते, फटी बुजवायचं ट्यूबमधलं. घेताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं घ्यायचं. एका टबात पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड चांगलं सढळ हातानं. ट्यूबमधलं सिलिकॉन गनने त्या पाण्यात पिळायचं, साबणाच्या पाण्यातच हातानं गोळा करायचं आणि कणकेसारखं मळायचं. साबणामुळे ते हाताला चिकटत नाही, पाण्यामुळे घट्ट व्हायला लागतं. दोन-चार मिनिटांत गोळा मऊ पण आकार धरणारा झाला की बटण, शिंपला, जुनं नाणं जे काही असेल ते त्यात दाबायचं आणि सोडून द्यायचं. तासाभरात साचा तयार, जाड असेल तर जास्त वेळ. दुसरी पद्धत कॉर्नफ्लोअरची. सिलिकॉन आणि कॉर्नफ्लोअर साधारण निम्मं-निम्मं, हातात ग्लोव्हज, मळा आणि दाबा. हे तर साबणाच्या पद्धतीपेक्षाही भराभर सेट होतं, त्यामुळे मळता मळता मैत्रिणीशी फोनवर गप्पा चालणार नाहीत.

खिडकी मात्र उघडी पाहिजे. तो आंबूस वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, बंद खोलीत डोळे चुरचुरतात. याच ॲसिडमुळे हे सिलिकॉन पितळ-तांब्याला खातं. देवघरातल्या पितळी बाळकृष्णावर ते लावायचा मोह आवरा. आणि या साच्यात चॉकलेट, बर्फ, जेली असलं खायचं काही करायचं नाही. त्यासाठी फूड ग्रेड म्हणून मिळतं तेच सिलिकॉन.

या दाबायच्या साच्यात बारीकसारीक नक्षी बरी उतरते, पण वीतभर गणपतीला ओतायचं सिलिकॉन लागतं. ते डब्यात येतं, मधासारखं घट्ट, सोबत दुसरा भाग. यात दोन जाती. टिनवालं आणि प्लॅटिनमवालं. टिनवाल्यात सोबतच्या छोट्या बाटलीतलं कॅटॅलिस्ट दोन ते पाच टक्के घालायचं. ते स्वस्त, फारसे नखरे नाहीत, पण थोडंसं आकसतं आणि काही वर्षांनी साचा ठिसूळ होतो. प्लॅटिनमवालं बहुतेक वेळा निम्मं-निम्मं मिसळायचं. आकसत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, पण जाम नाजूक प्रकृतीचं. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, लॅटेक्सचे ग्लोव्हज यांच्या नुसत्या संपर्कानंही ते सेट व्हायचं थांबतं, आणि मूळ वस्तूवर कायमचा चिकट थर राहतो. मामाचा गणपती आणि चिकट थर, ही कल्पनाच मला नको होती. मी टिनवालं घेतलं. किलोला हजार रुपयांच्या आगेमागे पडलं.

किती घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. वस्तूभोवती पेटी करायची, प्रत्येक बाजूनं दीड सेंटिमीटर जागा, सगळ्यात उंच भागावरही तेवढीच. सनमायकाचे उरलेले तुकडे आणि ग्लू गन पुरते. मग वस्तू आत असतानाच पेटी काठोकाठ भरून बघायची. लोक पाणी भरतात. जुन्या लाकडावर पाणी नको, आणि ज्या शहराला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं टबभर पाणी नुसतं मोजायला वाया घालवणं जिवावर येतं. डाळ घ्या. लातूरमध्ये राहून तूरडाळ घरात नाही असं व्हायचं नाही. पेटी डाळीनं भरायची, सपाट करायची, आणि तीच डाळ मापाच्या जगमध्ये ओतायची. माझी भरली १ लिटर ७०० मिली. सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचित जड असतं म्हणून १.१५नं गुणलं, म्हणजे १ किलो ९५० ग्रॅमच्या आसपास. दोन किलोचा डबा घेतला, तीन टक्क्यांनी ६० ग्रॅम कॅटॅलिस्ट. हे अंदाजपंचे ओतायचं नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कॅटॅलिस्ट कमी पडलं तर आत कच्चं राहतं, जास्त झालं तर ढवळता ढवळताच घट्ट व्हायला लागतं.

इथपर्यंत सगळं गणित होतं. खरी पंचाईत झाली ती तड्यावरून.

साचा जे दिसेल ते घेतो. लाकडाचे दोरे, किड्याचं भोक, आजीच्या बोटांनी वर्षानुवर्षं कुंकू लावून गुळगुळीत झालेलं पोट, सगळं. तडाही. मावशीचा नांदेडहून फोन, ‘अगं, नव्या घराच्या दारावर फुटका गणपती कसा लावायचा? आधी तो तडा भरून घे, मग तुझा साचा काढ.’ मामाला हे कळलं तर तो म्हणाला, भरायचा असेल तर आत्ताच्या आत्ता परत आणून दे. त्याचं म्हणणं एवढंच की ती भेग कशी पडली ते त्याला माहीत आहे, आणि ती बुजवायचा अधिकार त्याला एकट्यालाही नाही. दोघंही बरोबर होते, हीच कटकट होती.

मी दोन दिवस तो समोर ठेवून बसले. मग लक्षात आलं की उत्तर साच्याच्या स्वभावातच आहे. ओतलेल्या कॉपीत तडा भरणं पाच मिनिटांचं काम, पुट्टी आणि पॉलिश पेपर. पण साचा काढण्याआधी तडा भरला, तर त्या साच्यातून तडा असलेली कॉपी कधीच निघणार नाही. म्हणून साचा जशास तसा काढायचा, आणि ज्याला जे बदलायचं ते त्यानं आपापल्या कॉपीत बदलावं. मी हे तिघांच्या ग्रुपवर टाकलं. मामानं अंगठा दाखवला. मावशीनं बराच वेळ काही पाठवलं नाही, मग रात्री, ‘बरं.’

तडा ठेवायचा म्हणजे उघडा ठेवायचा नव्हे. सिलिकॉन तड्यातून पाझरून मागे गेलं आणि तिथं सेट झालं तर काढताना लाकूडच निघून यायचं. म्हणून मागच्या बाजूनं साधी प्लॅस्टिसिन क्ले दाबून भरली, पुढून भेगेची कड दिसेल एवढी जागा सोडली. सोंडेच्या मागे एक आरपार पोकळी होती, तिथंही क्ले. जुनं लाकूड कोरडं आणि सच्छिद्र असतं, सिलिकॉन त्याच्या रोमारोमांत शिरून पकड घेतं. त्यासाठी आधी मऊ ब्रशनं धूळ काढून, मेणाचा पातळ हात देऊन, कापडानं चोळून घेतलं, वरून व्हॅसलिनचा अगदी नाममात्र थर. जाड थर दिलात तर ब्रशचे ओरखडेसुद्धा साच्यात येतात.

ओतणं म्हणाल तर सगळ्यात सोपा भाग. कॅटॅलिस्ट घालून सावकाश ढवळा, डब्याच्या कडा आणि तळ खरवडून. आधी थोडं ब्रशनं नक्षीवर लावून घ्या म्हणजे डोळ्यांत, कानाच्या वळणात हवेचे बुडबुडे राहत नाहीत. मग एका कोपऱ्यातून, हातभर उंचीवरून, बारीक धारेनं ओता आणि बाकीचं आपोआप पसरू द्या. बारीक धारेत बुडबुडे ताणून फुटतात. वस्तूच्या डोक्यावर धो धो ओतू नका. शेवटी टेबलाला खालून हलक्या थपडा. आणि मग एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या चाळिशीत सिलिकॉन डब्यातच लवकर घट्ट व्हायला लागतं, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा. उलट टिनवाल्याला सेट व्हायला हवेतला थोडा ओलावाही लागतो. कोरड्या उन्हाळ्यात साचा जरा जास्त वेळ ठेवलेला बरा.

हे सगळं नवीन काहीतरी आहे असं वाटत असेल तर एका रविवारी तेरला जाऊन या. धाराशिव जिल्ह्यात, लातूरहून फार लांब नाही. प्राचीन तगर म्हणजे हेच, ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्याचं नाव आहे ते व्यापारी शहर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्हींत माती दाबायची आणि मग दोन अर्धी एकमेकांना जोडायची, म्हणजे आतून पोकळ मूर्ती. आपला मोदकाचा साचा याच घराण्यातला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच भागात कुणीतरी एका मुखवट्याच्या कॉप्यांवर कॉप्या काढत बसलं होतं, हे बघून मला जाम भारी वाटलं. माझा गणपती एका बाजूनं सपाट, त्यामुळे एका साच्यात भागलं. चहूबाजूंनी नक्षी असलेली मूर्ती असेल तर तेरवाल्यांसारखे दोन साचे. आधी अर्धी मूर्ती क्लेमध्ये बुडवून वरच्या अर्ध्या भागावर ओता. ते सेट झालं की उलटवा, क्ले काढा, पहिल्या सिलिकॉनवर व्हॅसलिन लावा आणि दुसरा भाग ओता. व्हॅसलिन विसरलात तर दोन्हींचा एकच ठोकळा होतो, कारण सिलिकॉनला सिलिकॉनच सगळ्यात घट्ट चिकटतं.

काहीजण विचारतात, यात धातू ओतता येईल का? पितळ, तांबं, चांदी विसरा. साधं सिलिकॉन दोन-सव्वादोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. आपल्या शेजारी बिदरला बिदरीची भांडी जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाची असतात. नुसतं जस्तच ४२० अंशांना वितळतं, म्हणून ते कारागीर मातीच्या साच्यात ओततात. आपण मेण, साबण, प्लॅस्टर आणि रेझिन एवढ्यावर खूश राहावं.

माझी पहिली कॉपी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची. वजनानं दहा भाग प्लॅस्टर, सात भाग पाणी, आणि प्लॅस्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लॅस्टरमध्ये नाही. सेट होताना ते गरम होतं. हाताचा ठसा घ्यायची हौस म्हणून कुणी त्यात हात घालू नका, भाजतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये दगड होतो. दारावरच्या गणपतीसाठी मात्र प्लॅस्टर चालणार नव्हतं, पावसात गेलं असतं. त्यासाठी इपॉक्सी रेझिनमध्ये सागाचा भुसा मिसळला. सुताराकडून आणला, मैद्याच्या चाळणीनं चाळला. साच्यात आधी कोरडा भुसा भुरभुरवला, जास्तीचा झटकला, मग मिश्रण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या थरात, तीन वेळा. एकदम जाड ओतलं की इपॉक्सी आतल्या आत तापतं, कधीकधी धूरसुद्धा निघतो. ग्लोव्हज नायट्रिलचे, खोली हवेशीर. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पाठ सोडत नाही. बाहेर आलं ते लाकूड नव्हे, पण वरून पॉलिश पेपर आणि तेलाचा हात दिल्यावर दोन पावलांवरून ओळखू येत नाही.

या धंद्यात उतरू म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकते. साचा काढता येतो म्हणून कुणाचंही डिझाइन काढून विकायला बसू नका. आजीच्या घरचा गणपती वेगळा आणि इन्स्टाग्रामवरच्या कुणा मुलीचं स्वतःचं पेंडंट वेगळं. आणि प्लॅस्टरची मूर्ती केलीत तर ती शोभेला ठेवा, विसर्जनाला नको. नदी-तलावात ती विरघळत नाही.

अहमदपूर-लोहा मार्गे मी एसटीनं नांदेडला गेले, पिशवीत दोन कॉप्या. मावशीनं भुशा-रेझिनची हातात घेतली, आधी वजन बघितलं, मग अंगठा थेट पोटावर. ‘इथं आई कुंकू लावायची,’ एवढंच म्हणाली. ती झिजलेली जागा जशीच्या तशी आली होती. मग तिनं पुट्टी मागितली. तडा भरून घेतला, स्वतःच्या हातानं, आणि मी तिला अडवलं नाही. तिचं घर, तिचं दार. तिनं भरला म्हणून मामाकडच्या गणपतीचा तडा कमी झाला नाही. तो टॉवेलमधून निघून पुन्हा टीव्हीच्या वर गेला. वास्तुशांतीला मामा आला, दाराखाली उभा राहून वर बघत बसला आणि म्हणाला, ‘रंग जरा जास्त झालाय.’ आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

दुसरी, प्लॅस्टरची, आईला दिली. तिला विचारलं, भरू का? तर म्हणाली, राहू दे. तिनं ती दाराला लावलेली नाही, कपाटात साड्यांच्या कप्प्यात ठेवलीय.

साचा सध्या माझ्या पलंगाखाली आहे. सपाट, प्लॅस्टर ओतून आत ठेवलेल्या एका कॉपीसकट, म्हणजे आकार बिघडत नाही. ऊन नाही, वर वजन नाही. टिनवालं असल्यानं त्याची काही वर्षंच आहेत. पुण्यात हिंजवडीला असलेल्या मामेभावानं परवा फोन केला, त्याला मेणाची हवीय. मी म्हटलं, दिवाळीला ये, मेण तूच घेऊन ये, आणि स्वतः ओत.